संगीत नाटक आणि त्याचा श्रोतृसमाज

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्यार्थी-साहाय्य, वसतिगृह, वधूवरसूचन अशा उपयुक्त विषयांवर विचार मांडले जातात. यंदा चिटणिसांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली आणि आम्ही गाण्यानाटकाचा विषय निवडला, हे कळताच आमच्या काही वडीलधाऱ्या स्नेह्यांच्या कपाळी आठी उमटली. त्यांना आम्ही एवढेच विनवितो की, विषय वरवर वाटतो तितका हलका नाही. उद्या सकाळी भरणाऱ्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. मंडळाचा वार्षिक नाट्यप्रयोग बंद करावा आणि त्याऐवजी मोठ्या पडद्यावर एखादा चित्रमुद्रित प्रयोग सभासदांस दाखवावा, असा त्याचा आशय आहे. नाटक कंपनीचे मानधन, वादकांचा प्रवासखर्च, रंगमंदिराचे भाडे, नटमंडळींची जेवणाखाण्याची व्यवस्था हे सारे यामुळे वाचेल. आमच्या कोषाध्यक्षांचा हिशेब बिनचूक असतो, आणि या ठरावामागील हिशेबही बिनचूकच आहे. मात्र त्या हिशेबात जमेच्या बाजूची एक रक्कम मांडावयाची राहिली आहे असे आम्हांस वाटते. ती रक्कम कोणती, याचाच शोध आज घ्यावयाचा आहे.

आरंभ जरा दूरच्या देशापासून करू. ऑपेरा हा शब्द मुंबईकरांना अपरिचित नाही. मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या लेखी तो गिरगावाजवळच्या एका नाक्याचा पत्ता आहे! ज्या इमारतीवरून त्या भागास नाव पडले, ते रॉयल ऑपेरा हाऊस बरीच वर्षे बंद राहून २०१६ च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडले. परंतु ऑपेरा म्हणजे मुळात काय, हे कळावयास आपल्याला फारसे सायास नकोत. पात्रे बोलण्याऐवजी गातात, कथा सुरांतून पुढे सरकते, आणि समोर बसलेला समाज त्या सुरांवर जीव लावून बसतो, एवढे सांगितले की ज्याने ‘सौभद्र’ पाहिले आहे त्याला अधिक सांगण्याची गरज उरत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांना आपले संगीत नाटक सुचले ते पुण्यात एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा संगीत खेळ पाहून, असे नाट्येतिहास सांगतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. तोवर सूत्रधाराने पदे म्हणावयाची आणि पात्रांनी भाषणे करावयाची अशी रीत होती. किर्लोस्करांनी गाणे पात्रांच्याच मुखी घातले. एवढ्या एका बदलाने रंगमंचावरील माणूस आणि समोरचा श्रोता यांच्यामधला मध्यस्थ नाहीसा झाला.

आता आपण रोम शहरी जाऊ. तारीख १२ मार्च २०११. इटलीच्या एकीकरणास त्या साली दीडशे वर्षे पूर्ण होत होती, आणि त्यानिमित्त तेथील ऑपेरागृहात व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’चा प्रयोग होता. वाद्यवृंदाचे संचालक होते रिकार्दो मुती. बाबिलोनच्या राजाने ज्यूंना कैद करून नेले असता, तिसऱ्या अंकात ते बंदिवान परक्या नदीच्या काठी बसून हरवलेल्या मायभूमीची आठवण काढतात, असा प्रसंग या नाटकात आहे. तेथे एक समूहगीत आहे. त्यात ना ताना, ना कसरती. बराच वेळ सगळा समुदाय एकाच सुरात, जणू एकाच कंठाने गातो, आणि मग हळूहळू आवाज उमलत जातो. इटलीत हे गीत न येणारा माणूस विरळा.

त्या रात्री ते गीत संपले आणि सभागृहातून ‘पुन्हा, पुन्हा’ असा पुकारा उठला. कोणी ‘इटली चिरायु होवो’ अशी आरोळी दिली. मुती यांनी पाठ फिरवून प्रेक्षकांकडे तोंड केले. त्या वेळी इटलीच्या सरकारने कलासंस्थांच्या अनुदानास मोठी कात्री लावली होती. ती ऑपेरागृहे बंद पडण्याची वेळ आणील, अशी भीती होती. मुती थोडेच बोलले. देशाचे जे चालले आहे ते पाहून आपल्याला वेदना होतात. गीत पुन्हा म्हणू, परंतु सर्वांनी मिळून म्हणू. असे त्यांच्या बोलण्याचे सार होते. मग वाद्ये सुरू झाली. रंगमंचावरील बंदिवान उभे राहिले आणि सभागृहही उभे राहिले. संचालक अर्धे वाद्यवृंदाकडे आणि अर्धे लोकांकडे वळून दोघांनाही ताल देत होते. वरच्या मजल्यांवरून पत्रके भिरभिरत खाली येत होती. रंगमंचावरील गायकांपैकी कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. या प्रसंगाचे चित्रमुद्रण झाले असून पुढे ते जगभर पाहिले गेले. पुढील हकीकतही ऐकण्यासारखी आहे. त्याच महिन्यात सरकारने पेट्रोलवरील कर किंचित वाढवून कपात केलेले अनुदान पूर्ववत केले. एका गाण्यामुळे हे झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्यामागे पुष्कळांची निदर्शने आणि खटपटी होत्या. पण ते गाणे त्या खटपटींत सामील होते, इतके खचित.

अशा प्रसंगांभोवती दंतकथांची वेल फार लवकर चढते, म्हणून येथे थोडे सावध राहिले पाहिजे. ‘नाबुक्को’चा पहिला प्रयोग ९ मार्च १८४२ रोजी मिलान येथील ला स्काला नाट्यगृहात झाला. मिलानवर तेव्हा ऑस्ट्रियाचे राज्य होते. त्या पहिल्याच रात्री बंदिवानांचे गीत ऐकून पारतंत्र्यात पिचलेले लोक बेभान झाले, सरकारी मनाई झुगारून त्यांनी ते पुन्हा गावयास लावले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. रॉजर पार्कर नावाच्या इंग्रज अभ्यासकाने त्या काळची वृत्तपत्रे तपासली, तेव्हा पुन्हा म्हणावयास लावलेले गीत हे नव्हेच, शेवटच्या अंकातील ईश्वरस्तुतीचे गीत ते होते, असे आढळून आले. म्हणजे कथा खोटी ठरली. पण मौज अशी की, ती खोटी ठरण्यापूर्वीच लोकांनी आपल्या वागण्याने तिला खरी करून टाकले होते! १९०१ साली व्हेर्दी वारले. पुढल्या महिन्यात त्यांचा देह त्यांनीच उभारलेल्या वृद्ध संगीतकारांच्या आश्रमात नेला गेला, तेव्हा तोस्कानिनी यांच्या संचालनाखाली सुमारे ८०० गायकांनी हेच गीत मिलानच्या रस्त्यात गाइले. श्रोत्यांनी एखाद्या गाण्याला अर्थ दिला की तो अर्थ त्या गाण्याचाच होऊन बसतो. कर्त्याच्या मनात तो असो वा नसो.

आपल्याकडे हे घडलेले नाही असे थोडेच आहे? खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली आले. ते गद्य नाटक, आणि कथा महाभारतातली. पण समोर बसलेल्या लोकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीच्या जागी मातृभूमी दिसली, आणि १९१० मध्ये सरकारला नाटकावर बंदी घालावी लागली. सरकारला भय नाटकाच्या पुस्तकाचे तर होतेच. परंतु तोच मजकूर घरी एकट्याने वाचणारा मनुष्य आणि नाट्यगृहात शेजाऱ्याचा श्वास रोखलेला ऐकणारा मनुष्य, यांत फरक असतो, हे त्या सरकारला आपल्या कोषाध्यक्षांपेक्षा अधिक कळले होते. (कोषाध्यक्ष आमचे जुने मित्र आहेत, ते रागावणार नाहीत.)

हा फरक कशाने पडतो? पहिली गोष्ट आवाजाची. ऑपेरातील गायक साठ-सत्तर वाद्यांच्या लाटेवरून ध्वनिवर्धकाच्या साहाय्याविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. नुसत्या ओरडण्याने हे साधत नाही. शास्त्रज्ञांनी असे दाखविले आहे की, सिद्ध गायकाच्या कंठातील नाद सेकंदास सुमारे २५०० ते ३५०० कंपनांच्या पट्ट्यात विशेष प्रबळ होतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर उतरलेला असतो. गर्दीतून वाट काढणाऱ्या चतुर माणसाप्रमाणे तो आवाज जेथे फट सापडते तेथून पुढे येतो. आपले जुने गायक नटही ध्वनिवर्धकाशिवायच गात. असा आवाज कानावर येतो तेव्हा एका जित्या देहाने हलविलेली हवाच आपल्या देहाला स्पर्श करीत असते. पडद्यामागील कर्ण्यातून तीच तान येते, पण तो स्पर्श येत नाही.

दुसरी गोष्ट श्रोत्यांची आपसांतली. टाळ्यांचे पाहा. झोल्तान नेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुमानिया व हंगेरी येथील नाट्यगृहांत आणि ऑपेरागृहांत प्रयोगानंतरच्या टाळ्यांचे ध्वनिमुद्रण करून २००० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रारंभी टाळ्यांचा एकच कडकडाट असतो. प्रत्येक जण आपल्या गतीने हात वाजवीत असतो. मग काही क्षणांत, कोणी इशारा न करता, लोक आपली गती जवळजवळ निम्म्यावर आणतात आणि सगळे सभागृह एका ठेक्यात वाजू लागते. परंतु गती निम्मी झाल्याने एकूण आवाज कमी होतो. उत्साह तर वाढलेला! म्हणून लोक पुन्हा घाई करतात आणि ठेका मोडतो. तो पुन्हा जुळतो, पुन्हा मोडतो. एकत्र होण्याची ओढ आणि मोठ्याने बोलण्याची ओढ यांची ही रस्सीखेच आहे. आम्हांस तर हे वर्णन वाचताना आपल्या सर्वसाधारण सभांचीच आठवण झाली.

तरीही युरोपातील श्रोता आणि आपला श्रोता यांच्यात एक मोठा भेद आहे. तो समजून घेण्यासाठी ‘वन्स मोअर’चा विचार केला पाहिजे. इंग्रजीतून आलेला हा शब्द आपल्या रंगभूमीने असा काही आपलासा केला की तो मराठी नव्हे असे म्हणण्याची सोय राहिली नाही. एकेका पदाला तीन-तीन, चार-चार वन्स मोअर, रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत, असा तो काळ. ऑपेरातही पूर्वी हीच चाल होती. पण तेथे पुढे ती असभ्य ठरली. वाग्नरने १८७६ मध्ये बायरॉइट येथे आपले नाट्यगृह उघडले, त्यात वाद्यवृंद प्रेक्षकांच्या दृष्टीआड ठेवला आणि सभागृह अंधारात. श्रोत्याने देवळात बसावे तसे बसावे, असा त्याचा आग्रह. विसाव्या शतकाच्या आरंभी तोस्कानिनी यांनी ला स्कालामध्ये वन्स मोअरविरुद्ध कंबर कसली. ती शिस्त इतकी मुरली की २००७ साली हुआन दिएगो फ्लोरेस या पेरू देशाच्या गायकाने तेथे दोनिझेत्तीच्या एका ऑपेरातील पद श्रोत्यांच्या आग्रहास्तव पुन्हा गाइले, तेव्हा ती साऱ्या जगाच्या वृत्तपत्रांची बातमी झाली. १९३३ नंतर एकट्या गायकाला तेथे अशी मोकळीक मिळाली नव्हती. त्या पदात तारसप्तकातला एक अवघड सूर नऊ वेळा लावावा लागतो. पुढल्या वर्षी न्यू यॉर्क येथेही त्याने हाच पराक्रम केला. मुती यांनी स्वतः १९८६ मध्ये ला स्कालाच्या हंगामाच्या पहिल्या रात्री बंदिवानांचे गीत पुन्हा म्हणवून घेतले होते, तेव्हाही जाणत्यांमध्ये चर्चा झालीच.

म्हणून ऑपेराचा श्रोता मुका असतो असे मात्र कोणी समजू नये. ला स्कालाच्या सर्वांत वरच्या, सर्वांत स्वस्त सज्ज्यातील रसिक हे तेथील खरे न्यायाधीश. १० डिसेंबर २००६ रोजी ‘आइदा’च्या प्रयोगात रोबेर्तो आलान्या या नामांकित गायकाने पहिलेच पद म्हटले आणि वरून हुर्यो उठली. गृहस्थ रागाने रंगमंच सोडून चालते झाले! वाद्ये वाजतच होती. बदली गायक आंतोनेल्लो पालोम्बी यांना नेसत्या कपड्यांनिशी, वेष चढविण्यास सवड न देता, इजिप्तच्या सेनापतीच्या जागी ढकलण्यात आले, आणि त्यांनी तो प्रवेश निभावून नेला. आमच्या मते येथे श्रोत्यांचा उद्धटपणा झाला. पण वरच्या सज्ज्यातील माणसाला आपण या प्रयोगाचे भागीदार आहोत असे वाटते म्हणूनच तो एवढा चिडतो, हेही विसरता येत नाही. पडद्यावरील गायकावर कोणी हुर्यो करीत नाही. करून काय उपयोग?

आता भेद सांगतो. ऑपेरातील पद लिहिलेले असते. सूर न्‌ सूर कर्त्याने ठरवून ठेवलेला असतो. त्यामुळे तेथे ‘पुन्हा’ म्हणजे तेच पुन्हा. आपल्याकडे नाट्यपदाची चाल तेवढी बांधलेली असते आणि पुढचा विस्तार गायक नट त्या घटकेला करीत असतो. वन्स मोअर घेऊन तो परत येतो तेव्हा तेच पद नव्याने मांडतो. कालच्या प्रयोगात न सुचलेली जागा आज सुचते, आणि ती सुचण्यात समोरच्या माणसांचा वाटा असतो. बालगंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. हे थोर वादक गायकाच्या मागे छायेसारखे चालत, आणि तो समेवर येतो तेव्हा नुसता तबलाच येत नाही, सगळे नाट्यगृह येते. सम म्हणजे काय, हे ज्याला गाण्यातले काही कळत नाही त्याला समजावून सांगावयाचे असेल तर त्याला गायकाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून बसवावे. तान वरून फिरत फिरत खाली येऊ लागते, माना स्थिर होतात, पंखे थांबतात, आणि पुढच्या क्षणी सहाशे माना एकदम हलतात. त्यांत वकील असतो, पाटीवाला असतो, ज्याला रागाचे नावही ठाऊक नाही अशी आजीबाई असते. हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. शेजारच्याने मान हलवली म्हणून तिने हलवली असेही नाही, कारण तेवढा वेळच मिळत नाही.

आता आमच्या विषयाचा गाभा. मघाशी आम्ही रोमची तारीख सांगितली, १२ मार्च २०११. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १२ मार्च १९११ रोजी, मुंबईस खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनीची भूमिका नारायणराव राजहंस उर्फ बालगंधर्व यांची. त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी कन्या निवर्तली होती. प्रयोग पुढे ढकलावा अशी सूचना झाली असता त्यांनी ती मानली नाही. जमलेल्या लोकांचा विरस होऊ द्यावयाचा नाही, हा त्यांचा विचार. याला कर्तव्यनिष्ठा म्हणावे की दुसरे काही, यावर घराघरांत वाद झालेले आम्ही ऐकले आहेत. विशेषतः मातांचे मत निराळे पडते, आणि ते आम्हांस चुकीचे वाटत नाही. पण श्रोतृसमाज या वस्तूला त्या माणसाच्या आयुष्यात केवढे स्थान होते, ते यावरून दिसते. श्रोत्यांना ते ‘मायबाप’ म्हणत. तो तोंडदेखला शब्द नव्हता.

याच नाटकाचा दहा वर्षांनंतरचा एक प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘संयुक्त मानापमान’ म्हणून अजरामर झाला. ८ जुलै १९२१, मुंबईचे बालीवाला थिएटर. लोकमान्य आदल्या वर्षी १ ऑगस्टला दिवंगत झाले होते, आणि त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उभा राहत होता. त्या फंडाच्या मदतीसाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर आल्या. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर झाले. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे असूनही नाट्यगृह भरून गेले.

त्या सालाचे हवामान ध्यानात आणावे. नारायणराव ब्राह्मण, केशवराव मराठा आणि कोल्हापूरचे. वेदोक्ताच्या प्रकरणापासून पेटलेला ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद तेव्हा ऐन भरात होता. वृत्तपत्रे त्याने भरलेली असत, आणि आपल्यासारख्या बहुतेक ज्ञातिसंस्था या ना त्या बाजूने त्यात ओढल्या गेल्या होत्या. छत्रपती शाहू महाराजांचा लोभ या दोन्ही कलावंतांवर होता. पण महाराजांचे आणि लोकमान्यांचे राजकारण परस्परविरुद्ध होते हे सर्वज्ञात आहे. अशा वेळी कोल्हापूरचा केशवराव टिळकांच्या नावाच्या फंडासाठी गातो, आणि साथीला उत्तरेकडील मुसलमान उस्तादांच्या परंपरेचे वादन ज्या संगीतात मुरले आहे ते संगीत असते! सभागृहात दोन तट बसलेले होते. एक गंधर्वांचा, एक केशवरावांचा. कोण कोणाला खाऊन टाकतो हे पाहावयास लोक आले होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. लोक नाटकाला नेहमीच उदात्त हेतूने जातात असे नाही, आणि जाण्याची गरजही नाही.

त्या रात्री कोण सरस ठरला याचा निकाल पुढे कित्येक वर्षे लागला नाही, आणि आमच्या मते न लागणे हेच त्या प्रयोगाचे यश होय. प्रतिपक्षाच्या नटाला दाद द्यावयाची नाही असे ठरवून आलेल्या माणसाची मान समेवर हलली की त्याचा पक्ष त्या क्षणापुरता संपतो. त्याला ते कबूलही करावे लागत नाही. पुढे तीन महिने लोटले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस. ज्यांनी ती रात्र ऐकली होती त्यांच्याजवळ असे काही राहिले की जे पुन्हा कोणाला देता येणार नव्हते.

या नाट्यगृहात सगळे समान होते, असे चित्र आम्ही रंगविणार नाही. दर्जाप्रमाणे जागा होत्या, स्त्रियांची बसण्याची व्यवस्था निराळी असे, आणि दाराबाहेर ज्यांना तिकीट परवडत नसे ते भिंतीला कान लावून ऐकत. ज्यांना पंक्तीत जवळ बसू दिले नसते ते येथे शेजारी बसले, हे पुष्कळ ठिकाणी खरे आणि पुष्कळ ठिकाणी खोटे. पण ज्ञातीच्या भोजनात जे कधी घडत नव्हते ते तिकिटाच्या रांगेत थोडेथोडे घडू लागले होते. देवलांचे ‘शारदा’ १८९९ साली आले. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावू नये, असे ठराव त्या काळी पुष्कळ ज्ञातिसभांनी केले असतील. ते ठराव आज दप्तरांत आहेत. शारदेची व्यथा मात्र आजींच्या तोंडून नातींपर्यंत आली. लहानपणी ती शारदा ज्यांनी गाजविली त्यांत हेच केशवराव भोसले होते.

केशवरावांच्या नावाचे नाट्यगृह कोल्हापुरात आहे. शाहू महाराजांनी १९१५ च्या सुमारास ते ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभारले, आणि त्याला लागूनच खासबागेचे कुस्तीचे मैदान. महाराज विलायतेला गेले असता रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना या मैदानाची कल्पना सुचली असे सांगतात. तेव्हा रोम आणि कोल्हापूर यांना आम्ही आज एका व्याख्यानात ओढूनताणून आणले, असा आरोप कोणी करू नये. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली आणि डोळ्यांदेखत ते जळून गेले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आणि सकाळी कोल्हापूरचे नट, वादक, पडदे ओढणारे, आणि ज्यांचा रंगभूमीशी संबंध तिकीट काढण्यापुरताच होता अशी माणसे तेथे उभी राहून रडत होती. यांतल्या कोणाचे घर जळले नव्हते. प्रयोगांची चित्रमुद्रणेही इतरत्र सुरक्षितच होती.

मुद्रणाची आम्ही हेटाळणी करीत नाही. ती कृतघ्नता होईल. बालगंधर्वांचा आवाज आज आपल्याला ऐकावयास मिळतो तो जुन्या तबकड्यांमुळेच. पण तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकडीत पद मावले, वन्स मोअर मावला नाही. १९६७ च्या डिसेंबरात आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत कसे गात, हे ध्वनिमुद्रणावरून कळते. ज्या वडीलधाऱ्यांनी ते प्रत्यक्ष ऐकले त्यांना विचारावे. ते गाण्याविषयी दोन वाक्ये बोलतात, आणि मग शेजारी कोण बसले होते, मध्यंतरात काय बोलणे झाले, परतताना शेवटची गाडी कशी चुकली आणि सगळे जण तीच तान आळवीत कसे चालत आले, याविषयी अर्धा तास बोलतात. मघाशी जमेच्या बाजूची जी रक्कम राहिली असे आम्ही म्हटले, ती ही.

आता उद्याच्या ठरावाविषयी. चित्रमुद्रित प्रयोग दाखविण्यास आमचा विरोध नाही. जे सभासद आजारी आहेत, परगावी आहेत, ज्यांना जिने चढवत नाहीत, त्यांच्यासाठी तो अवश्य दाखवावा. परंतु वर्षातून एक जिवंत प्रयोग, ऑर्गन आणि तबला समोर ठेवून, मंडळाने चालू ठेवावा, अशी उपसूचना आम्ही मांडणार आहोत. खर्चाचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी आमची दुसरी सूचना अशी की, या प्रयोगाची तिकिटे ज्ञातीपुरती राखून न ठेवता सर्वांस खुली करावी. आजपर्यंत मागच्या दहा-बारा रांगा रिकाम्या राहतात आणि आसपासच्या वस्तीतील लोक फाटकाबाहेर उभे असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. या सूचनेला काही सभासदांचा विरोध आहे हे आम्ही जाणतो. मंडळाचा पैसा, मंडळाचे सभागृह, मंडळाचा मान, हे त्यांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे, आणि उद्या सभेत पुन्हा ऐकू. रिकाम्या रांगांसमोर गाणाऱ्या नटाने परवाच्या वर्षी दुसऱ्या अंकात दोन पदे गाळली होती, एवढे मात्र त्यांनी मत देण्यापूर्वी आठवावे.

उपसूचनेचा मसुदा चिटणिसांच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना अनुमोदन द्यावयाचे असेल त्यांनी आज भोजनापूर्वी तेथे सही करावी. सभा सकाळी नऊ वाजता आहे, आणि गणपूर्तीला गेल्या वर्षी चार सभासद कमी पडले होते.